शिरोलीत १२ हजार का पुण्यात २० हजार? आयटी सपोर्टच्या पहिल्या नोकरीबद्दल

भावा, तुझा प्रश्न वाचला. बीसीए झालंय, कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत (ओतकामाचा कारखाना) आयटी असिस्टंट म्हणून १२ हजार देतायत, आणि दुसरीकडं पुण्यात हिंजवडीत सर्व्हिस डेस्कची (फोनवरनं कॉम्प्युटरच्या अडचणी सोडवायची) ऑफर आहे, थर्ड पार्टी पेरोलवर (काम एका कंपनीत, पगार दुसऱ्या एजन्सीकडनं), सीटीसी (कंपनीचा तुझ्यावरचा वर्षाचा एकूण खर्च) २ लाख ४० हजार, शिफ्ट रात्रीची. घरात वडील म्हणतात कॉम्प्युटर दुरुस्तीच करायची होती तर डिग्री कशाला घेतली, मित्र म्हणतात सपोर्टला गेलास की तिथंच सडलास, आणि तुला विचारायचंय की ह्यात पुढं खरंच काही आहे का. आहे. पण सगळ्यांना नाही, आणि कुणाला आहे ते पहिल्या पगारावरनं कळत नाही. मी २००८ ला शाहूपुरीत एका असेंबलिंगच्या दुकानात साडेचार हजारावर लागलो, नंतर साखर कारखाना, मग पुण्यात सात वर्षं, आता परत कोल्हापुरात, आणि गेली काही वर्षं पोरांचे इंटरव्ह्यू मीच घेतोय, तेव्हा जे बघितलंय तेवढंच सांगतो.

आधी पैशाचं बोलू, कारण २० आणि १२ मध्ये तुला वाटतो तेवढा फरक नाही. सीटीसी २ लाख ४० हजार म्हणजे महिन्याला २० हजार हातात असं पोरं धरून चालतात आणि पहिल्या महिन्यात स्लिप बघून तोंड पडतं. एक साधा हिशोब घे. समज बेसिक (मूळ पगार) १० हजार आणि ग्रॉस (कापाकापीच्या आधीचा सगळा पगार) १७,८००. कंपनीचा पीएफचा वाटा १२ टक्के म्हणजे १,२००, ईएसआयचा (सरकारी आरोग्य विम्याचा) त्यांचा वाटा सव्वातीन टक्के म्हणजे साधारण ५७९, ग्रॅच्युइटी ४.८१ टक्के म्हणजे ४८१, हे सगळं मिळवलं की झाले त्यांचे साधारण २० हजार. आता तुझ्या १७,८०० मधनं तुझा पीएफ १,२००, ईएसआय पाऊण टक्का म्हणजे १३४, प्रोफेशनल टॅक्स २०० (फेब्रुवारीत ३००). राहिले सव्वासोळा हजार. कॉट बेसिसची रूम, मेस, हिंजवडीतलं येणं-जाणं, महिन्यातनं एकदा कोल्हापूरला यायचं तिकीट, ह्यात दहा-अकरा हजार कुठं गेले कळत पण नाहीत. म्हणजे उरले पाच-सहा. इथं घरी राहून १२ मिळाले, पेट्रोल आणि डबा धरला तरी त्याच्यापेक्षा जास्त उरतं. तेव्हा पैशासाठी पुण्याला जायचं असेल तर पहिलं वर्ष ते कारण धरूच नकोस, जायचं तर दुसऱ्या कारणासाठी जा. (जाता जाता, कुणी मुलगी वाचत असेल तर महाराष्ट्रात महिलांना पगार २५ हजारापर्यंत प्रोफेशनल टॅक्स लागत नाही, २०२३ पासून, आणि काही ठिकाणी एचआर तरी पण कापतात, स्लिप बघून घ्या.)

ईएसआयला नाक मुरडू नकोस. ग्रॉस २१ हजाराच्या आत आहे तोवर ते लागू राहतं आणि अवलंबून असलेले आईवडील पण त्यात बसवता येतात.

आता इथल्या १२ हजाराची गोम सांगतो. कोल्हापुरात लई ठिकाणी पगार हातात रोख देतात, पीएफ नाही, ऑफर लेटर नाही, मालक चांगला माणूस असतो, दिवाळीला बोनस पण देतो, पण कागदावर तू तिथं कधी नव्हतासच. दोन वर्षांनी पुण्यातली कंपनी बॅकग्राउंड चेक करताना तुझा यूएएन नंबर (पीएफ खात्याचा कायमचा नंबर) मागणार आणि त्यात कुठल्या कंपनीने किती महिने पीएफ भरला ते बघणार. तिथं काहीच नसेल तर तू फ्रेशर. माझ्या ओळखीतला एक पोरगा चार वर्षं लक्ष्मीपुरीत काम करून असाच परत फ्रेशरच्या पगारावर लागला, काम त्याला बाकीच्यांपेक्षा दुप्पट येत होतं. म्हणून शिरोलीवाल्यांना पहिला प्रश्न पगाराचा नको, पीएफ कापता का ते विचार. कापत असतील तर १२ चे दहा-साडेदहा हातात येऊ देत, चालतंय.

पण खरी गोष्ट ह्याच्या पुढं आहे. सपोर्टमध्ये तुझा पगार किती वर्षं झाली ह्यावर वाढत नाही, तुझ्याकडं कुठला पासवर्ड आहे त्यावर वाढतो. पहिल्या दिवशी तुझ्याकडं फक्त तुझ्या स्वतःच्या लॉगिनचा पासवर्ड असतो. मग लोकल ॲडमिनचा मिळतो, म्हणजे लोकांच्या पीसीवर सॉफ्टवेअर टाकू शकतोस. मग ॲक्टिव्ह डिरेक्टरीत (कंपनीतल्या सगळ्या लॉगिनची यादी) युजर बनवायचे अधिकार, मग नेटवर्कच्या स्विच आणि फायरवॉलचा, मग सर्व्हरचा, मग बॅकअपचा. प्रत्येक पायरीला पगार बदलतो. आणि ज्या नोकरीत दोन वर्षं झाली तरी तुझ्या हातात पहिल्या दिवशीचेच अधिकार आहेत ती नोकरी पगार कितीही बरा असला तरी सोडायची.

माझं कसं झालं ते सांगतो. २०१० च्या आसपास मी एका साखर कारखान्यात आयटीला होतो, नावाला आयटी, काम म्हणजे प्रिंटरची रिबन बदलणे आणि अकाउंटवाल्यांचं टॅली चालू करून देणे, साडेसहा हजार पगार. सर्व्हर रूमची किल्ली पण माझ्याकडं नव्हती, त्याला पुण्याहून व्हेंडर यायचा. गाळप जोरात चालू होतं, आणि रात्री दीडच्या सुमारास वॉचमन क्वार्टरवर उठवायला आला, वजनकाटा बंद पडलाय. जाऊन बघतोय तर गेटच्या बाहेर ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची लाईन पार रस्त्यापर्यंत, ड्रायव्हर खाली उतरून शेकोटी करून बसलेत आणि आत काट्यावरचा क्लार्क घामाघूम. काट्याच्या इंडिकेटरवर वजन दिसत होतं पण कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर शून्य. व्हेंडरला फोन लावला, त्याने सांगितलं सकाळी बघू. क्लार्कने तोवर तीनदा पीसी रिस्टार्ट केला होता. मी त्याला विचारलं, बंद पडायच्या आधी काय केलंस? काही नाही म्हणाला. सगळे असंच म्हणतात. परत विचारलं, टेबल हलवलंस का? तर म्हणाला, झाडूवाल्याने वायरी काढून परत लावल्या.

मग उजेड पडला. काट्यावरनं सीरियल केबल येते, ती यूएसबी कन्व्हर्टरमधनं पीसीला जोडलेली, आणि तो कन्व्हर्टर झाडूवाल्याने शेजारच्या यूएसबीत घातला होता. विंडोजने त्याला नवा पोर्ट नंबर दिला, कॉम ५, आणि सॉफ्टवेअर बसलंय कॉम ३ कडं डोळे लावून. डिव्हाइस मॅनेजर उघडला, पोर्ट्समध्ये जाऊन ॲडव्हान्स्ड सेटिंगमधनं नंबर परत ३ केला, सॉफ्टवेअर बंद करून उघडलं, वजन आलं. सगळं मिळून दहा मिनिटं. त्यानंतर त्या यूएसबीच्या तोंडाशी मी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला, बायकोचं नव्हतं, क्लार्कच्या मुलीचं होतं. पुढच्या आठवड्यात चीफ अकाउंटंट साहेबांनी बोलावून सर्व्हर रूमची किल्ली दिली, व्हेंडरला सांगितलं ह्याला पासवर्ड दे, आणि पुढच्या सीझनला पगार नऊ हजार झाला. मी काही मागितलं नव्हतं, मागायची अक्कल पण नव्हती.

आता हे हिंजवडीच्या सर्व्हिस डेस्कवर होईल का? तिथलं काम वेगळं असतंय. हेडफोन घालून बसायचं, अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या कंपनीच्या माणसांचे कॉल, निम्म्याच्या वर तेच तेच, पासवर्ड विसरलो, अकाउंट लॉक झालं, व्हीपीएन लागत नाही, आउटलुक उघडत नाही. एकेका कॉलला किती मिनिटं, दिवसाला किती तिकिटं (एकेका तक्रारीची नोंद), सगळं मोजतात. मार्च आणि नोव्हेंबरात अमेरिकेत घड्याळ पुढं-मागं करतात तशी तुझी शिफ्ट पण तासाने सरकते, न्यूयॉर्कचे सकाळचे ९ म्हणजे आपले उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि थंडीत साडेसात. पोटाची आणि झोपेची वाट लागते हे खरंय, वर्षभर काढायचं, दोन वर्षं फार झाली. पण दोन गोष्टी तिथं मिळतात ज्या शिरोलीत मिळणार नाहीत. एक म्हणजे इंग्रजी बोलायची भीती मरते, आणि आपल्याकडच्या पोरांची अर्धी लढाई तीच आहे. दुसरं म्हणजे शिस्त, तिकीट कसं लिहायचं, एसएलए (तक्रार किती वेळात सोडवायची ते ठरलेलं) काय, कुठली गोष्ट एल-टूकडं (वरच्या पायरीच्या टीमकडं) ढकलायची आणि ढकलताना काय लिहून ढकलायची.

हे तिकीट लिहिण्याचं लोक हलक्यात घेतात. ‘इश्यू रिझॉल्व्हड’ एवढंच लिहून बंद करणारे शंभरातले नव्वद. मी प्रमोशनला माणूस निवडताना आधी त्याची जुनी तिकिटं उघडतो. कधीपासून, एकाला का सगळ्यांना, काय बघितलं, काय केल्यावर गेलं, चार ओळी असल्या तरी पुरे, पण त्या असल्या पाहिजेत.

आणि हो, एल-वन (फोन उचलणारी पहिली पायरी) कमी होत चाललंय, हे लपवत नाही. पासवर्ड रिसेट आता युजर स्वतः मोबाईलवरनं करतो, साध्या प्रश्नांना चॅटबॉट बसवलेत, त्यामुळं फक्त फोन उचलणारा माणूस पाच वर्षांनी कुणाला लागणार नाही असं माझं मत आहे. पण मशीनला हात लावणारा लागणार. १९ जुलै २०२४ आठव, क्राउडस्ट्राइक ह्या सिक्युरिटी सॉफ्टवेअरवाल्या कंपनीचं एक अपडेट बिघडलं आणि जगभरात जवळपास ८५ लाख विंडोज मशीन निळा स्क्रीन दाखवून बंद पडली, विमानतळ थांबले. त्यातल्या कितीतरी मशीनपाशी माणूसच बसवावा लागला, सेफ मोडमध्ये जाऊन एक फाईल डिलीट करायची आणि रिस्टार्ट. माझा एक जुना जोडीदार पुण्यातनं दोन दिवस लोकांना फोनवर बिटलॉकरची (विंडोजमधलं डिस्कचं कुलूप) ४८ आकडी की वाचून दाखवत होता, एक आकडा चुकला की परत पहिल्यापासनं. त्या आठवड्यात सपोर्टच्या पोरांना साहेबलोकांनी नावानिशी ओळखलं.

पगार पुढं कसा जातो ते माझ्या पाहण्यातलं सांगतो, सरकारी आकडा नव्हे. कोल्हापुरात सुरुवात १० ते १५ हजार. पुण्यात डेस्कटॉप इंजिनिअर १५ ते २०, इंग्रजी बरं असलेला सर्व्हिस डेस्कवाला २० ते २५. दोन-तीन वर्षांत ज्याने एल-टू किंवा सर्व्हर गाठला तो ३० ते ४५ च्या घरात. पाच-सहा वर्षांनी क्लाउड, नेटवर्क किंवा सिक्युरिटीत गेलेला ६० च्या वर, काही लाखाच्या पण पुढं. आणि त्याच बॅचचा, त्याच कंपनीत, तेच काम करत बसलेला अजून २२-२४ वर. दोघांत हुशारीचा फार फरक नसतो, एकाने जॉब बदलला आणि दुसरा टीम चांगली आहे म्हणून राहिला. थर्ड पार्टी पेरोलवर असलास तर तिथल्या तिथं इन्क्रिमेंट पाच-सातशे रुपयांचं मिळतं, पगाराची उडी नोकरी बदलतानाच मिळते. सही करायच्या आधी नोटीस पिरियड बघ, १८ हजाराच्या पोराला ९० दिवसांचा नोटीस लावणारे पण आहेत, आणि तीन महिने थांबायला कुणी तयार नसतं.

इंटरव्ह्यूत मी एकच प्रश्न जास्त वेळ विचारतो. एकाचा फोन आला की इंटरनेट चालत नाही, काय करशील? दहातले आठ म्हणतात रिस्टार्ट करायला सांगीन. गडहिंग्लजकडचा एक पोरगा आला होता, आयटीआय कोपा (कॉम्प्युटरचा ट्रेड) फक्त, डिग्री नाही, इंग्रजी यथातथाच. त्याने उलट मला विचारलं, सर एकट्याचं बंद आहे का सगळ्यांचं? एकट्याचं, म्हणलं. केबलचा लाईट लागतोय का? लागतोय. मग आयपी (मशीनचा नेटवर्कमधला पत्ता) बघीन म्हणाला, १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डीएचसीपीकडनं (असे पत्ते वाटणारी सेवा) पत्ताच मिळालेला नाही, बरोबर असेल तर गेटवेला (नेटवर्कमधनं बाहेर जायचं दार) पिंग, म्हणजे उत्तर येतंय का बघायचं, मग बाहेर ८.८.८.८ ला पिंग, ते जात असेल आणि वेबसाईट उघडत नसेल तर डीएनएस (वेबसाईटच्या नावावरनं पत्ता शोधणारी सेवा). हे सगळं त्याने स्वतःच्या रेझ्युमेच्या पाठीमागं पेनाने काढून दाखवलं. घेतला त्याला. हे काही अवघड नाही, नेटवरच्या फुकटच्या व्हिडिओंत आहे, पण डोक्यात क्रम बसलेला पाहिजे आणि तो घरी हाताने केल्याशिवाय बसत नाही.

त्यावरनं क्लासचं बोलतो. राजारामपुरीत असो नाहीतर पुण्यात, अजून काही ठिकाणी एमसीएसईचा (मायक्रोसॉफ्टचं जुनं सर्टिफिकेट) कोर्स म्हणून ३०-४० हजार मागतात. मायक्रोसॉफ्टने एमसीएसई ३१ जानेवारी २०२१ लाच बंद केलं. आता तिकडं एमडी-१०२, एझेड-१०४ असल्या परीक्षा आहेत. नेटवर्कला जायचं तर सीसीएनए (सिस्कोचं नेटवर्किंगचं सर्टिफिकेट) अजून चालतंय, परीक्षा एकच आहे, फी ३०० डॉलर आणि वर टॅक्स, त्यामुळं ती पहिल्या पगारातनं दे, बापाच्या पैशातनं नको. एमएस-सीआयटी रेझ्युमेत सगळ्यात वर लिहू नकोस, राग नको, पण ते सगळ्यांकडं असतंय. त्यापेक्षा घरच्या पीसीत रॅम १६ जीबी कर, व्हर्च्युअलबॉक्स (एका पीसीत दुसरे पीसी चालवणारं सॉफ्टवेअर) टाक, विंडोज सर्व्हरची १८० दिवसांची ट्रायल मायक्रोसॉफ्ट फुकट देतं, त्यात डोमेन (कंपनीसारखं एका सर्व्हरखालचं नेटवर्क) बनव, एक विंडोज क्लायंट त्यात जोड, ग्रुप पॉलिसीने त्याचा वॉलपेपर बदल, मग मुद्दाम डीएनएस मोडून बघ. सिस्कोचं पॅकेट ट्रेसर (नेटवर्कचा सराव करायचं सॉफ्टवेअर) पण फुकट आहे. महिनाभर रोज दोन तास बसलास तरी क्लासच्या पोराच्या पुढं असशील. आणि क्रिम्पिंग (नेटवर्क केबलच्या टोकाला कनेक्टर बसवणं) शीक, लाजू नकोस. वायरींचा क्रम असा, पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. डिग्रीवाल्या पोरांना हे येत नाही आणि शॉपफ्लोअरवर पहिल्याच दिवशी तेच लागतं.

नोकरी लावून देतो म्हणून पैसे मागणारा, ट्रेनिंग फी मागणारा, ओरिजिनल मार्कलिस्ट ठेवून घेणारा, ह्या तिघांना लांबनंच नमस्कार. पुण्यात पहिल्यांदा गेलो तेव्हा एका कन्सल्टन्सीने माझं डिग्रीचं ओरिजिनल अडकवून ठेवलं होतं, अकरा महिने दुसरीकडं जाता आलं नाही, शेवटी मामांनी जाऊन दोन तास तिथल्या ऑफिसात बसून ते सोडवलं.

कोल्हापुरातच राहायचं असेल तर वाव आहे का असं पण विचारलंयस. पूर्वीपेक्षा बराच आहे. रिझर्व्ह बँकेने ऑक्टोबर २०१८ ला अर्बन को-ऑपरेटिव्ह बँकांसाठी सायबर सिक्युरिटीचे नियम काढले, डिसेंबर २०१९ ला ते आणखी वाढवून बँकांच्या चार पातळ्या केल्या, आणि सहकारी बँका आपल्याकडं किती आहेत ते मी तुला सांगायला नको. जिथं आधी एका क्लार्कलाच कॉम्प्युटरचं बघ म्हणायचे तिथं आता पॅच, फायरवॉल, बॅकअपचे कागद दाखवावे लागतात, म्हणजे माणूस लागतोच. त्यात विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि फाउंड्रीतले, मशीन शॉपमधले अर्धे पीसी इतके जुने की त्यात टीपीएम २.० (विंडोज ११ ला लागणारी सिक्युरिटी चिप) नाही, विंडोज ११ नीट बसत नाही. ते बदलायचं काम वर्षं-दोन वर्षं पुरेल एवढं पडलंय. २०१९ च्या महापुरात ज्यांचे सर्व्हर तळमजल्यावर होते त्यांनी बॅकअपचं महत्त्व कुणी न सांगता शिकून घेतलं, आता लोक त्यासाठी पैसे देतात, तेव्हा देत नव्हते.

स्वतःचं एएमसीचं (वर्षाच्या कराराने देखभालीचं) काम पण होऊ शकतं, दवाखाने, पतसंस्था, शाळा, सीए लोकांची ऑफिसं. पण लगेच नको. मी मधे दीड वर्ष करून बघितलंय, काम मिळतं, पैसे मिळत नाहीत. बिल दिलं की ‘पुढच्या आठवड्यात या की’, आणि रविवारी सकाळी प्रिंटर बंद पडला की तोच माणूस चारदा फोन करणार. हाताशी सहा महिन्यांचा खर्च आणि कुठंतरी तीन-चार वर्षांचा अनुभव असल्याशिवाय त्यात पडू नकोस.

तर तुझं काय. मी तुझ्या जागी असतो तर सोमवारी शिरोलीत जाऊन आलो असतो. पीएफचं विचार, ऑफर लेटर माग, आणि मग साधेपणाने विचार की साहेब, सर्व्हर कोण बघतं? ‘आमचे सिनियर आहेत, ते कुणाला हात लावू देत नाहीत’ असं आलं तर हिंजवडीला जा, रात्रपाळी वर्षभर सोस, इंग्रजी पक्कं कर आणि एल-टू मिळाला नाही तर अठराव्या महिन्यापासनं बाहेर बघायला लाग. आणि ‘बाहेरचा एकजण येतो, पण वेळेवर येत नाही बघ’ असं म्हणाले, तर १२ हजारात घे ती नोकरी, आणि तो माणूस येईल तेव्हा त्याच्या शेजारी खुर्ची घेऊन बस, वही घेऊन.

वडिलांना सांग, दुरुस्तीच करतोय म्हणून. दुसऱ्या वर्षीची स्लिप दाखव, बोलतील ते नीट.